चुलीची वीट

गावात घरोघरी गॅस येऊ लागला, तेव्हाची गोष्ट. अनसूयाकाकूंनी चूल मोडली आणि तिच्या काळ्या विटा परसातल्या नव्या वाफ्यांच्या कडेला रोवल्या. त्यांतली एक वीट सारखी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत हळहळायची, "तिथं माझ्या अंगाला टेकून भाकरी फुगायची!"

वाफ्यात नुकतंच लावलेलं वांग्याचं रोप थंडीनं काकडत म्हणालं, "विटेबाई, तुम्हाला टेकू का?"

"तू काय भाकरी आहेस?" वीट फणकारली. पण दिवसभराच्या उन्हानं तिचं अंग तापलं होतं. रोप टेकलं आणि तगलं.

पुढं वांगी धरली. काकूंनी पहिलं वांगं तोडून घरात नेलं, आणि थोड्याच वेळात ते भाजल्याचा वास खिडकीतून वाफ्यापर्यंत आला.

"विटेबाई, रडता होय?" रोपानं विचारलं.

"छे रे," वीट म्हणाली, "धूर गेला डोळ्यांत."