बगळ्यांची भाषा शिकलेली मरळ

तळ्यांना अजून कुणी नावं दिली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका तळ्यात चंद्री नावाची मरळ राहत होती. दरवर्षी बगळे तिची पिल्लं गिळत. शेवटी तिने लव्हाळ्यात दडून बगळ्यांचं बोलणं ऐकायला सुरुवात केली आणि हळूहळू त्यांची भाषा शिकून घेतली.

पुढे पिल्लं झाली, तेव्हा खोल पाण्यातूनच तोंड वर काढून ती म्हाताऱ्या बगळ्याला म्हणाली, "बगळेदादा, ही लेकरं मोठी होईपर्यंत काठाशी येऊ नका."

बगळा चकित झाला. "उच्चार अगदी आमच्यासारखे आहेत गं तुझे! पण कुणाची लेकरं?"

"माशांची," असं चंद्रीला म्हणायचं होतं. पण इतकं ऐकूनही बगळ्यांच्या तोंडून 'मासा' हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

"नको शोधूस," बगळा शांतपणे म्हणाला. "आमच्या भाषेत तुम्हा सगळ्यांना 'घास' म्हणतात."

चंद्री खाली पिल्लांकडे गेली. त्यांना तिने बगळ्यांच्या भाषेतला तेवढा एकच शब्द शिकवला. काठावर तो ऐकू आला, की पिल्लं गाळात शिरत. त्या वर्षी तळ्यात मरळी पुष्कळ झाल्या.