पाटलाचा हुकूम आणि कुंभारणीचा आवा

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या एका गावाला मोठा उत्साही पाटील लाभला होता. माणूस सज्जन, लाचेला न शिवणारा. खोड एकच, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तक्रार पुरती ऐकण्याआधीच त्याचा हुकूम तयार असे.

एकदा गावकरी म्हणाले, "पाटील, कुंभारणीच्या आव्याचा धूर घराघरांत शिरतोय."

"आवा बंद!" पाटील म्हणाला, आणि लगेच दवंडी पिटली गेली.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. कुंभारणीच्या अंगणात सणाच्या घागरी वाळत पडल्या होत्या. त्या आव्याच्या भट्टीत भाजल्या नाहीत, तर बिचारीच्या वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडणार होतं. ती तडक राजाच्या न्यायाधीशांकडे गेली. पाटलालाही बोलावणं आलं.

"गावात आवा कसा चालावा, हे ठरवायचा अधिकार पाटलाचाच," न्यायाधीश म्हणाले. पाटलाची छाती फुगली. "पण पाटील, हुकूम काढण्याआधी हिचं म्हणणं ऐकलंत?"

"धूर तर उघड दिसत होता, महाराज. त्यात ऐकायचं काय?"

"मग तुमचा हुकूम रद्द. नवा कोणता काढायचा ते मी सांगणार नाही, ते काम तुमचं. पण आधी हिला ऐका."

पाटील तोंड पाडून घरी परतला. आपली अब्रू गेली, आता गावात आपल्याला कोण विचारणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्यानं कुंभारणीला पारावर बोलावलं.

"बोल बाई, काय ते."

"सकाळी वारा गावाकडं वाहतो, पाटील. सांजेला वढ्याकडं. सांजेला आवा पेटवला तर धूर गावात येनारच न्हाई."

"मग सकाळी का पेटवतेस?"

"तुमचाच हुकूम हाय की! आगीच्या भ्यानं गेल्या साली दवंडी दिलीत, आवा सकाळीच पेटवायचा म्हणून."

पारावर जमलेल्या गावासमोर पाटलानं कपाळावर हात मारला.

"अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"इचारलंत कवा?"

आधी पाटीलच पोट धरून हसला, मग सगळा गाव हसला. त्यानं जुना हुकूम तिथंच मागं घेतला आणि सर्वांशी बोलून नवा काढला: आवा सांजेला पेटवावा, शेजारी पाण्याचे रांजण भरून ठेवावेत.

सणाला घरोघरी नव्या घागरीतलं गार पाणी होतं. आणि पाटलाची अब्रू? ती दुपटीनं वाढली. तो आता आधी ऐके, मग दवंडी देई, आणि त्याच्या हुकमाविरुद्ध पुन्हा कुणी न्यायाधीशांचं दार ठोठावलं नाही.

तेव्हा लहानथोर मंडळींनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्यावर हुकूम चालवायचा, त्याचं आधी ऐकून घेतलं, तरच हुकूमही टिकतो आणि हुकूम देणाऱ्याचा मानही.