दूध सासरचं, विरजण माहेरचं

या खिंडीतल्या आंजणीच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या दिसतात ना, ते नवस नव्हेत. ते विरजण आहे. ‘दूध सासरचं, विरजण माहेरचं’ ही आमची म्हण इथूनच निघाली, असं सांगतात. सून सासरची झाली तरी हाताची चव आईचीच राहते, असा लोक तिचा अर्थ लावतात.

खालच्या वाडीतल्या लखू गवळ्याची लेक ठकू खिंडीपलीकडे दिली होती. सासरची म्हैस हट्टी, ठकूच्याच हाताला पान्हा सोडायची. म्हणून तीन वर्षं तिला माहेर दिसलं नाही. विचारलं की सासू म्हणायची, “जा की! धार काढायला तुझ्या आईला धाड.”

एकदा शेजारणीला ठकूनं सगळं दही निपटून दिलं. विरजणापुरतं ठेवायचं राहूनच गेलं. आईनं पाठवणीला दिलेलं तेवढंच तर तिच्यापाशी होतं! तिनं गुराख्यांकडून निरोप धाडला, “आये, तुझं दही संपलं गं.”

आईचे गुडघे धरलेले. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा दह्यात भिजवून उन्हात कडक वाळवला आणि गुराख्यांकरवी या झाडाला बांधला. ठकूनं तो नेऊन कोमट दुधात बुडवला. सकाळी दही लागलं. पहिलं बोट चाटलं आणि तिला रडू आवरेना, म्हणे.

पुढच्या चैतात आई गेली. निरोप पोचला तो तेराव्यानंतर. ठकू गोठ्यात म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. सासू ठकूचं वापरातलं लुगडं नेसली आणि चरवी घेऊन खाली बसली. म्हशीनं लुगडं हुंगलं, पान्हा सोडला.

“जा गं पोरी.”

“आत्याबाई, हे आधी सुचलं असतं तर!”

सासू खाली मान घालून धार काढत राहिली.

ठकूनं आईचा तुकडा पुन्हा दह्यात भिजवला आणि वाटेनं खांद्यावर वाळवत नेला. माहेरी आईचं मडकं कोरडं ठाक पडलं होतं. तिनं दूध तापवून विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी बापाच्या भाकरीवर ते दही वाढलं. लखू डोळ्यांनी अधू. घास तोंडात घेऊन तो थांबला, चुलीकडे वळून म्हणाला, “धुर्पे, कुठं होतीस गं इतके दिवस?”

धुर्पा हे ठकूच्या आईचं नाव. ठकूनं ओ दिली, म्हणे.

आजही आई गेली की पलीकडच्या लेकी अशी चिंधी घेऊन येतात, आणि माहेरचं दूध त्यांच्या विरजणानं लागतं. जिला खाली माहेरापर्यंत येणं जमत नाही, ती इथवर येऊन झाडाला बांधून परत फिरते. खालचं कुणीतरी ती सोडून तिच्या माहेरी नेतं.