खाडीकाठचा रांजण

"...पण बाबा, त्या बायका तुमचंच ऐकतात. पाइपात भरलेला चिखल काढा, एवढंच सांगायचं. सांगाल ना?"

हरेश्वर मयेकर दर्ग्याच्या पायरीवर बसून फकीर हसनबाबांना विचारत होता. खाडीला लागून त्याची कोळंबीची तळी आहेत. तळ्यांतलं घाण पाणी पाइपाने थेट खाडीत जायचं. शिवल्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढणाऱ्या बायकांनी तो पाइप बुजवला, आणि आता त्याची कोळंबी तळ्यातच मरायला लागली होती.

मी अंगण झाडत होते. माझं डोकं आधीच फिरलेलं. माझी जाऊ चांगुणा त्याच बायकांतली. गुडघ्यापर्यंत पाय फोडांनी भरलेत तिचे, आणि दिवसभर चिखल उपसून टोपलीत येतात त्या मेलेल्या शिवल्या.

बाबांनी शांतपणे विचारलं, गाळ खाली बसायला एक वेगळं तळं होतं ना, त्याचं काय झालं?

त्यातही कोळंबी सोडली, म्हणाला. एवढी जागा फुकट कशाला घालवायची? वर ऐटीत सांगायला लागला, की त्याच्यासारखी स्वच्छ तळी अख्ख्या तालुक्यात दाखवा. कुजलेलं खाद्य नाही, औषधाचा साका नाही, काही म्हणजे काही तो आत राहू देत नाही.

"सगळं बाहेर," तो म्हणाला.

मेल्याला लाज म्हणून नाही. वाटलं, हातातला खराटाच घालावा टाळक्यात.



बाबा उठले. नुकतेच जेवले होते. दारातल्या रांजणातून पेलाभर पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली, आणि ती त्याच रांजणात टाकली. पेला पुन्हा बुडवून हरेश्वरपुढे धरला.

तो ताडकन उठला. मीही खराटा हातात धरून बघतच राहिले. बाबा म्हणजे भाताचं एक शीत वाया न घालवणारा माणूस.

"बाबा, हे काय? पिण्याच्या पाण्यात थुंकता? स्वतःच्या रांजणात?"

बाबांनी पेला खाली घेतला नाही.

"माझं मडकं आत आहे, झाकून ठेवलंय. हा गावाचा आहे. पी."