वाघिणीचे दहा खडे

पूर्वी करंजपूर नगरात सुदर्प नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका वनरक्षकाच्या घरी जन्म घेतला होता. तो रानात वाढला, पुढे नगरात येऊन शिकला आणि आपल्या बुद्धीने राजाचा अमात्य झाला. त्याचे नाव सोमक.

त्या राजघराण्यात वाघाचे मोठे प्रस्थ होते. सिंहासनामागे वाघाचे कातडे ताणून लावलेले असे. नवा राजा गादीवर बसताना त्यावर तळहात ठेवून शपथ घेई, ‘वाघ टाकलेली झेप मागे घेत नाही, मीही घेणार नाही.’ दरबारच्या पंडितांनी राजपुत्रांसाठी वाघाच्या गुणांची एक पोथीच रचली होती. पोथीतला वाघ कधी थकत नसे, कधी चुकत नसे आणि पाठ तर कधीच फिरवत नसे. खऱ्या वाघाला ती वाचून दाखवली असती तर तोही दबकून बसला असता. पोथी लिहिणाऱ्यांपैकी कोणी वेशीपलीकडच्या रानात पाऊल टाकलेले नव्हते.

या पोथीतूनच एक चाल पडली होती. जो सेनापती विजयाशिवाय परतेल, त्याला वेशीवर हरणाचे कातडे पांघरायला लावून भर बाजारातून चालवत. माघारीचा सल्ला देणाऱ्यालाही तीच शिक्षा. त्यामुळे करंजपूरचे सेनापती एक तर जिंकून येत, नाही तर येतच नसत, आणि लोक त्याला शौर्य म्हणत.

सुदर्पाने गिरिकंटक नावाच्या डोंगरी गडावर स्वारी धाडली. तिचा सेनापती होता त्याचा धाकटा भाऊ भद्रजित. आईवडील लवकर गेल्याने सुदर्पानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. वेढ्याला पाचवा महिना लागला. छावणीतले पाणी नासले, ताप पसरला. एके दिवशी स्वार भावाचे पत्र घेऊन आला.

‘दादा, हजारातले चारशे जण उभे राहू शकतात. अमावास्येच्या पहाटे तेवढ्यांनिशी शेवटचा हल्ला करीन. यानंतर माझे पत्र येणार नाही.’

राजाने पत्र दोनदा वाचले आणि डोळे पुसले. पण परत ये असे त्याला लिहिता येईना. त्याची नजर पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या कातड्याकडे जात होती. अमावास्या अकरा दिवसांवर होती, आणि गडापर्यंत जायला स्वाराला दोन दिवस पुरत.

सोमकाला राजाचे दुःख दिसत होते. सरळ माघार सुचवली तर राजा ऐकणार नाही, आपल्या अंगावर हरणाचे कातडे येईल आणि चारशे माणसे मरायची ती मरतीलच, हेही त्याला कळत होते. तो म्हणाला, “महाराज, आपण कधी वाघाला शिकार करताना पाहिले आहे?”

“अकरा वाघ मारलेत मी.”

“हाकारे घालून हत्तीवरून मारलेत. त्याला स्वतःच्या पोटासाठी शिकार करताना पाहिलेत का?”

राजाने पाहिले नव्हते. वाघाचे बळ डोळ्यांनी पाहिले तर आपलेही मन घट्ट होईल असे त्याला वाटले आणि तो रानात यायला तयार झाला. खरे तर सोमक मोठे धाडस करीत होता. वाघाने पहिल्याच झेपेत हरीण लोळवले असते, तर पोथी खरी ठरली असती आणि भद्रजिताचा विषय तिथेच संपला असता.

उन्हाळ्यामुळे रानात एकच पाणवठा उरला होता. तिथल्या जांभळीवर मचाण बांधले. सोमकाने राजापुढे एक रिकामी वाटी ठेवली आणि म्हणाला, “वाघाची झेप चुकली की काळा खडा टाकायचा. साधली की पांढरा.”

पहिल्याच सकाळी एक वाघीण आली. गवतातून सरकत चितळांच्या कळपापर्यंत पोहोचली, झेपावली आणि चुकली. चार उड्यांतच तिने पाठलाग सोडला. वानरे वरून ओरडून तिची शोभा करीत होती. ती पाण्यात जाऊन बसली.

“म्हातारी असेल,” राजा म्हणाला आणि त्याने काळा खडा टाकला.

“ऐन उमेदीची आहे,” सोमक म्हणाला. “माझी अर्धी हयात या जातीच्या शेजारात गेली.”

दुसऱ्या दिवशी सांबर निसटले. तिसऱ्या दिवशी दोनदा रानडुक्कर. राजा चिडून खडे टाकू लागला, जणू त्याचाच कोणी चुकत होता. पाचव्या दिवशी वाघीण एका गव्यावर गेली. गवा पळाला नाही. शिंगे खाली करून वळला. वाघीण थांबली, क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली, आणि पाठ फिरवून आल्या वाटेने निघून गेली.

राजाचा चेहरा उतरला. “इतके जवळ जाऊन परतली. हिला लाज वाटत नाही?”

“तिला पिल्ले आहेत, महाराज.”

सोमकाने नाल्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवले. तिथे तीन पिल्ले आईची वाट पाहत बसली होती. “शिंग पोटात घेऊन ती शूर म्हणवली असती. मग यांच्याकडे कोण आले असते?”

त्या दिवशी राजा जेवला नाही.

सातव्या दिवशी वाटीत नऊ काळे खडे झाले होते. उतरत्या उन्हात वाघीण दहाव्यांदा दबा धरून बसली आणि तिने एक चितळ पाडले. पिल्ले धावत आली. राजाने पांढरा खडा हातात घेतला, पण टाकायच्या आधी तो रडू लागला.

“मी त्याला गव्यावर सोडले, सोमका, आणि परतीची वाट बंद केली. त्याला हाक मारायची मला लाज वाटली.”

“अजून चार दिवस आहेत,” सोमक म्हणाला.

राजाने मचाणावरच पत्र लिहिले, ‘वेढा उठव आणि घरी ये.’ स्वार वेळेत पोहोचला. दरबारात कुजबुज झाली, की आणखी पंधरा दिवसांत गड पडला असता. सोमक म्हणाला, “कदाचित पडलाही असता. आत शिरायला मात्र कोणी उरले नसते.”

भद्रजित चारशे माणसे आणि चालता न येणाऱ्यांच्या डोल्या घेऊन परतला. वेशीजवळ तो घोड्यावरून उतरला, शस्त्रे खाली ठेवली आणि हरणाचे कातडे घ्यायला हात पुढे केले. पहारेकऱ्यांनी माना खाली घातल्या. कातडे त्यांच्यापाशी नव्हते. ते पांघरून सुदर्प स्वतः वेशीत उभा होता.

“दादा, हे माझे आहे,” भद्रजित म्हणाला.

“झेप मी टाकली होती,” राजा म्हणाला. “मागेही मीच घेतो. तू घरी चल.”

मग तो भावाचा हात धरून भर बाजारातून चालत गेला. कोणी हसले नाही. डोल्यांमधून आपापली माणसे ओळखण्यातच लोक गुंतले होते. पुढे करंजपूरचे राजे गादीवर बसताना वाघाच्या कातड्याऐवजी त्या खड्यांच्या वाटीवर हात ठेवू लागले. पोथी पंडितांकडेच राहिली.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहाराच्या अंगणात सुप्रिय नावाचा भिक्षू उभा होता. ज्ञान मिळेपर्यंत बसणार नाही असे व्रत त्याने घेतले होते. बारा दिवसांत त्याचे पाय सुजून फुटले होते. लोक काय म्हणतील या भीतीने तो बसत नव्हता, आणि त्याचा सोबती बोधक त्याच्यासाठी रडत होता.

शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा सुप्रिय. भद्रजित म्हणजे बोधक. वाघीण म्हणजे वेशीबाहेर मोळ्या विकून नातवंडे पोसणारी सिरिमा, दहा दारांतून परतूनही अकराव्या दारी जाणारी. अमात्य सोमक मी होतो. धरून ठेवण्याला बळ लागते, सुप्रिया. कधी सोडायचे हे ओळखणे ही प्रज्ञा. त्या जन्मी मी तिचाच अभ्यास केला.”

बोधकाने चटई अंथरली. सुप्रियाने एकदा सगळ्यांकडे पाहिले आणि तो खाली बसला.