सेवेसाठी रोगी पाहिजे

त्या राज्यात वैद्य एकच होता आणि आजारी पडायची मुभा मात्र सगळ्यांना होती.

वैद्य म्हणजे एक करकोचा. टेकडीच्या माथ्यावर एका पायावर उभा राहून तो रोगी तपासायचा. चोच लांब, नजर बारीक, कामाला वाईट नव्हता. पण टेकडी सोडून खाली उतरायचा नाही. रोग्यानं वर यायचं, असा त्याचा नियम. ज्याचे पाय धड तो वर जायचा. ज्याचे पायच गेले तो खाली पडून राहायचा, आणि थोड्याच दिवसांत त्याची पडून राहायची कटकटही संपायची. वर जाणाऱ्यांची रांग उतारावरून पार ओढ्यापर्यंत यायची. रांगेत कुणी मेला तर मागचा एक जागा पुढं सरकायचा आणि मनातून खूश व्हायचा.

पुढं करकोचा म्हातारा झाला, त्याची मान दुखायला लागली. मग त्यानं जाहीर केलं की वैद्याच्या हाताखाली मदतनीस तयार करायचे. त्यांनी खाली हिंडायचं, ताप बघायचा, जखम धुवायची, काटाकुटा काढायचा, आणि अवघड असेल तेवढंच वर पाठवायचं. त्यासाठी टेकडीवर मदतनीसशाळा निघाली. शिकून बाहेर पडणाऱ्याला करकोच्याच्या पंखातलं एक पांढरं पीस मिळणार होतं. ते कानामागं खोचलं की पाणवठ्यावर पहिलं पाणी त्याचं, सावलीतली बरी जागा त्याची, आणि वाटेत भेटेल त्यानं त्याच्यापुढं मान लववायची.

पीस जाहीर झालं आणि राज्यात दयेचा नुसता पूर आला. कालपर्यंत वाटेत कण्हणाऱ्याला ओलांडून जाणारे प्राणी एकमेकांना सांगू लागले की आपल्याला लहानपणापासून दुसऱ्याचं दुःख बघवत नाही.

शाळेत शिरायला अट होती. उमेदवारानं आधी स्वतः एखाद्या रोग्याची सेवा केलेली पाहिजे. सेवेचा पुरावा म्हणून रोग्याच्या अंगावरचं काहीतरी आणायचं. पक्षी असला तर पीस, मेंढी असली तर लोकर. जितकी सेवा मोठी तितका पुंजका मोठा. ही अट करकोच्यानं चांगल्या मनानं घातली की डुलकीत घातली, हे कुणाला माहीत नाही.

आता पंचाईत अशी झाली की सेवेला रोगी मिळेना. चालता येणारे टेकडीवर निघून जायचे, मरणारे मरून जायचे. सेवेला लागतो तो मधला रोगी. मरत नाही, बरा होत नाही आणि पळूनही जात नाही. असा माल कुठं सहजासहजी सापडतो?

तशात काजळी नावाच्या मेंढीच्या पायात काटा मोडला.

काजळी डोळ्यांभोवती काळी होती, बाकी पांढरी, आणि अंगावर भरगच्च लोकर. तिचा कळप टेकडीच्या पायथ्याला चरायला आला होता. थंडी पडली की कळप घाट उतरून खालच्या उबदार खोऱ्यात जायचा. मागं राहिलेलं जनावर वरच्या गारठ्यात जगायचं नाही, हे कोकराला सुद्धा ठाऊक होतं. हिवराच्या झाडाखाली चरताना काजळीच्या पुढच्या खुरात काटा गेला आणि ती तिथंच बसली.

कळपाचा म्हातारा एडका येऊन पाय बघून गेला. म्हणाला, "काजळे, ज्या सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं दिसेल त्या सकाळी आम्ही निघणार. कळप थांबवता येत नाही, बाई. पाय टेकता आला तर ये."

"येते की, बाबा," काजळी म्हणाली. "काटा तर आहे. कुणीतरी काढील."

एडका मान हलवत कळपाकडं वळला. त्यानं बरंच जग बघितलं होतं.

हिवराखाली मेंढी बसलीय, चालता येत नाही पण खाते-पिते झकास, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. सगळ्यांत आधी घोरपड आली. तिनं काजळीचा दुखरा पाय पानांच्या गादीवर ठेवला आणि वरून असा घट्ट धरला की तो हलवायची सोय उरली नाही. मागोमाग उदमांजर आलं, ते कपाळ चाटायला लागलं. साळुंकी आली, ती कानाशी बसून गोड आवाजात धीर द्यायला लागली. मुंगूस आलं, त्यानं पानातून पाणी आणलं. आणखीही किरकोळ पुष्कळ आले. प्रत्येकजण थोडा वेळ सेवा करायचा आणि जाताना लोकरीचा एक पुंजका उपटून न्यायचा.

पहिल्यांदा काजळी सुखावली. आयुष्यात कुणी तिची इतकी विचारपूस केली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला पाठीला गार लागायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

"अरे, एवढे दात तुमच्या तोंडात. कुणीतरी तो काटा ओढा ना."

मग उदमांजर समजुतीनं म्हणालं, "मावशी, काटा हा वैद्यकीतला विषय. आम्ही अजून उमेदवार. काही चुकलं-माकलं तर?"

"चुकायचं काय त्यात? टोक बाहेर दिसतंय."

"रोग्यानं बोलू नये," घोरपड म्हणाली. "शीण येतो."

"मी बोलतेय कारण मला जायचंय. कळप निघेल माझा."

"जायचंय म्हणे!" घोरपड बाकीच्यांकडं वळली. "आम्ही घरदार सोडून इथं बसलोय आणि हिला जायचंय."

साळुंकी लगेच काजळीच्या कानाशी गेली. "असं तोडून बोलू नये मावशी. किती जीव लावलाय बघा सगळ्यांनी तुम्हाला."

जीव लावणाऱ्यांची आपापसांत मात्र रोज जुंपायची.

"आज सकाळी कपाळ माझं."

"तुझं कसलं? काल दिवसभर तूच चाटलंस. सोलवटून निघालंय बिचारीचं."

"मग तू पाठ घे."

"पाठीवर आता राहिलंय काय? पोट घेतो मी."

"पोटाला मी कालच सांगून ठेवलंय!"

मुंगूस या भांडणात पडायचं नाही. त्याची वेगळीच धास्ती होती. आधी दोनदा ते टेकडीवरून परत आलं होतं. पहिल्या खेपेला पुंजका लहान पडला. दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी विचारलं, मदतनीस का व्हायचंय, आणि त्यानं वेड्यासारखं सांगून टाकलं की पीस हवंय. तिसऱ्यांदा परत आलेल्याला टेकडी कायमची बंद व्हायची.

एका भर दुपारी बाकीचे पाण्यावर गेले होते. घोरपड पाय धरून उन्हात पेंगत होती. काजळी हळूच म्हणाली, "मुंगसा, तू त्यांच्यातला नाहीस. सापाला धरतोस तू, हा तर काटा. ओढ."

मुंगसाला ते बरं वाटलं. त्यांच्यातला नाहीस, असं कुणी म्हटलं की कुणालाही बरं वाटतं. घोरपडीच्या नखांमधून तोंड घालून त्यानं काट्याचं टोक दातांत धरलं. काटा आतून जरासा हलला. काजळीनं श्वास रोखला. मुंगसानंही रोखला. आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढं आपला पुंजका आला. अजून मुठीएवढासुद्धा भरला नव्हता.

त्यानं दात सोडले.

"परीक्षा होऊ दे. टेकडीवरून आलो की पहिलं काम हेच."

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

शपथ घेऊन झाल्यावर त्यानं तिच्या गळ्यावरचा एक पुंजका उपटला. मुंगूस जवळ बसलं होतं, म्हणजे सेवा झालीच होती.

परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा गवतावर दहिवर गोठलं होतं. ते बघायला कुणाला सवड नव्हती. पुंजके तोंडात धरून सगळे उमेदवार टेकडी चढले. घोरपडीनंसुद्धा काजळीचा पाय सोडला. सोडताना म्हणाली, "हलू नको हं. आलोच आम्ही."

वर करकोचा मधोमध उभा होता. एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला गिधाड. गिधाडाला परीक्षक का नेमलं, असं कुणीतरी विचारलं होतं. तेव्हा सांगण्यात आलं की राज्यातल्या बहुतेक रोग्यांना अगदी शेवटपर्यंत पाहिलेलं तेच एक आहे.

प्रश्न ठरलेला होता. मदतनीसच का व्हायचंय, वैद्य का नाही? उत्तरही ठरलेलं होतं, कारण साळुंकीनं पुंजके घेऊन ते सगळ्यांना पढवलं होतं. मला पुढं उभं राहायचं नाही, मला रोग्याच्या जवळ बसायचंय. मग आवाज जड करायचा आणि आपल्या आजीच्या आजारपणाची गोष्ट सांगायची. उदमांजराची आजी पाय सुजून गेली होती. त्याच्यानंतरच्या सशाची आजीही पाय सुजूनच गेली. घोरपडीची पाळी आली तेव्हा तिचीही आजी त्याच दुखण्यानं वारली.

कासवानं मान बाहेर काढली. "तू तर वाळूतल्या अंड्यातून एकटीच निघालीस ना? आई बघितली नाहीस. आजी कुठली?"

"आठवण येते म्हणजे येते," घोरपड म्हणाली आणि भडाभडा रडली.

गिधाडानं डोळे पुसले. "रोग्याला काय झालंय तुमच्या?"

"पायात काटा आहे."

"कधीपासून सेवा चालू आहे?"

"काटा गेला त्या दिवसापासून."

"आणि अजून चालूच आहे?"

"म्हणजे काय! अखंड," घोरपड म्हणाली.

अखंड हा शब्द परीक्षकांना फार आवडला. त्यांनी तो एकमेकांना म्हणून दाखवला. करकोच्यानं एक डोळा उघडला, खाली हिवराच्या दिशेनं बघितलं आणि परत मिटला.

मुंगसानं या खेपेला पिसाचं नावसुद्धा काढलं नाही. त्यालाही एक आजी झाली होती.

दुपारच्या आत निकाल सांगितला. कासव म्हणालं, "कुणालाही नाकारलेलं नाही. सगळ्यांना थांबवलेलं आहे. मन सगळ्यांचं चांगलं आहे, पण सेवा थोडी कमी पडतेय. आणखी सेवा करून या."

म्हणजे मुंगूसही परत आलेलं धरलं जाणार नव्हतं. त्याला केवढा आनंद झाला. सगळ्यांनाच झाला. आणि मग एकदम सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं की खाली मेंढी एक आहे आणि तिच्या अंगावर लोकर अगदी थोडी उरलीय. ते टेकडीवरून पळत सुटले.

इकडं सकाळी घोरपडीची नखं पायावरून निघाली आणि काजळीला बऱ्याच दिवसांनी आपला पाय आपल्या डोळ्यांनी धड दिसला. आजूबाजूला कुणी नव्हतं. धीर द्यायला कुणी नाही, चाटायला कुणी नाही. लांब घाटाच्या तोंडाशी कळपाची धूळ उठली होती. तिनं मान वाकवून काटा दातांत धरायला बघितलं, जमलं नाही. मग तिनं खूर हिवराच्या मुळाच्या बेचक्यात अडकवला, काट्याचं टोक मुळाच्या सालीत रुतवलं आणि डोळे मिटून पाय मागं ओढला. ती ओरडली. ते ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मनमुराद ओरडली. पू आला, रक्त आलं आणि काटा मुळात रुतून राहिला.

ती उठली. तीन पायांवर चालली, मग चौथा टेकवून बघितला. दुखत होता, पण टेकत होता.

घाटाच्या तोंडाशी कळप अडकून पडला होता, कारण कोकरं उतरायला घाबरत होती. म्हाताऱ्या एडक्यानं लंगडत येणारी एक उघडी-नागडी मेंढी बघितली. आधी त्याला ओळखच पटेना. मग डोळ्यांभोवतीचं काळं दिसलं.

"काजळे! लोकर कुठं गेली?"

"सेवेत गेली, बाबा."

एडक्यानं शिंगानं दोन लठ्ठ मेंढ्या बाजूला सारल्या आणि काजळीला कळपाच्या अगदी मध्ये घातलं, चारी बाजूंनी ऊब लागेल असं. मग कळप घाट उतरायला लागला.

उमेदवार हिवराखाली पोचले तेव्हा पानांची गादी रिकामी होती.

"गेली?" उदमांजराचा विश्वास बसेना. "न सांगता बरी झाली?"

"एवढं केलं आपण," घोरपड म्हणाली. तिचा आवाज या खेपेला खरोखरच जड झाला होता. "एका शब्दानं तरी विचारायचं होतं."

"बेइमान जात," साळुंकी म्हणाली.

मुंगूस वास काढत मुळाशी गेलं आणि सालीत रुतलेला काटा त्याला सापडला. चांगला लांब होता, टोक अजून शाबूत. त्यानं तो ओढून काढला. दातांना काही जड गेला नाही. आणून त्यानं तो गादीवर मधोमध ठेवला. सगळे भोवती बसले. सगळ्यांची नजर काट्यावरून हळूच एकमेकांच्या पायांकडं गेली.

मग उदमांजर मायेनं म्हणालं, "घोरपडबाई, टेकडी चढून-उतरून दमलात. जरा पाय पसरा ना."

घोरपडीनं चारी पाय पोटाखाली घेतले. "मी कसली दमतेय? मुंगूस बघा कसं मलूल दिसतंय."

मुंगसानं पंजे अंगाखाली दडवले आणि सशाकडं बघितलं. सशानं साळुंकीकडं बघितलं. साळुंकी एक पाय पिसांत ओढून दुसऱ्यावर उभी होती. ऊन उतरलं, गार वारा सुटला, तरी गादीभोवतालचं कुणी जागचं उठलं नाही. उठायचं म्हणजे पाय बाहेर काढावा लागला असता.