मेलबर्नच्या वाटेवरचा मठ

"पण लांब म्हणजे किती लांब रे, मल्लू?"

जत तालुक्यातल्या उजाड माळावर एक लहानसा मठ होता. त्याच्या ओट्यावर म्हातारे अप्पा बसले होते आणि त्यांच्या पायाशी कॅप्टन मल्लिनाथ उमराणी.

आईबाप गेल्यावर मल्लिनाथला अप्पांनीच वाढवलं, शिकवलं. पुढं एकदा ते म्हणाले, माझ्यामागं मठ तू सांभाळ. त्याच आठवड्यात पोरगा न सांगता निघून गेला. वैमानिक झाला. आज नऊ वर्षांनी उगवला होता. अप्पा काय म्हणतील याची धास्ती होती, म्हणून आल्यापासून तो नुसता विमानांबद्दलच बोलत सुटला होता.

"मुंबई ते मेलबर्न... जवळजवळ दहा हजार किलोमीटर, अप्पा. पृथ्वीला पाव वेढा."

"अबब! आणि वेळ?"

"जाताना बारा तास. येताना जास्त लागतो."

"का? येताना वाट लांबते?"

"वाट तेवढीच. वारा समोरून येतो ना, विमानाचा वेग कमी होतो."

"म्हणजे वाऱ्याचं ऐकतोस." अप्पांच्या मिशीत हसू आलं. "बरं झालं. कुणाचं तरी ऐकायला लागलास."

मल्लिनाथ ओशाळला. पण अप्पा बोलतायत, एवढ्यानंच त्याला हुरूप आला. त्यानं एक काडी उचलली आणि अंगणातल्या मातीत रेघ ओढली.

"ही मुंबई. हे मेलबर्न. मुंबई सोडली की असं तिरकं खाली यायचं... सातारा, सांगली, मग..."

काडी थांबली.

"मग?"

"मग इथून, अप्पा."

"इथून म्हणजे?"

"इथूनच. आपल्या माळावरून."

अप्पा रेघेकडं बघत राहिले. 

"खालचं दिसतं काही?"

"दिवे दिसतात. कुठला आपला ते ओळखू येत नाही. पण माळ आला की मी... बघतो."

"किती उंचावरून?"

"दहा किलोमीटर."

"फक्त?" अप्पांनी मान वर केली. "अरे, जतचा बाजार याहून लांब आहे की!"

दहा हजारांचा आकडा मल्लिनाथ इतक्या ऐटीत सांगत आला होता, मोठमोठ्या मेजवान्यांत, ओळखीपाळखीच्यांत. हा दुसरा आकडा त्यानं आजवर कुणाला सांगितला नव्हता.

"अप्पा," तो खाली मान घालून म्हणाला, "रागवा ना माझ्यावर. कितीदा तरी तुमच्या डोक्यावरून गेलो. एकदाही उतरलो नाही. पाया न पडता गेलो होतो, कुठल्या तोंडानं येणार..."

काडी हातातच मोडली.

अप्पा सावकाश ओट्यावरून उतरले. गुडघे धरत त्याच्याशेजारी मातीतच बसले. कॅप्टनच्या थाटात बारीक कापलेल्या त्याच्या केसांतून त्यांनी हात फिरवला, लहानपणी तेल लावताना फिरवायचे तसा.

मग मान मागं टाकून ते बराच वेळ आभाळाकडं बघत राहिले. आभाळ रिकामं होतं.

"चुकलं माझंच, मल्लू," अप्पा म्हणाले. "मी आपला रस्त्याकडंच बघत बसलो..."